गटारीच्या आधीची पानं

९ जुलै २०२५, बारामती
दादा पंढरपूरहून इंदापूरला पोचला. तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली की तो दिंडीत शिरतो. माळ घातल्यापासून चुकवलेलं नाही. माळकऱ्यापुढे कुणी ग्लास करत नाही. नाहीतर दारू सोडणारा अर्धा दमतो तो मित्रांना 'नको' म्हणण्यातच.

१५ जुलै
जॉर्ज व्हेलंट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचा अभ्यास वाचतेय. बोस्टनच्या गरीब वस्तीतली मुलं आणि हार्वर्डचे विद्यार्थी, दोघांचाही उतारवयापर्यंत माग ठेवलेला. व्यसनात अडकलेल्यांपैकी साठीला दारू पूर्ण सुटलेले किती? वस्तीतले ३० टक्के, हार्वर्डचे ११. शिकलेला माणूस स्वतःची समजूत फार छान घालतो, असं आपलं माझं मत.

सुटलेल्यांकडे चारपैकी निदान दोन गोष्टी बहुधा असायच्या : कुणाची तरी सक्तीची नजर, दारूच्या जागी दुसरं काही, नवं नातं, उमेद देणारी माणसं. निग्रहाचं नावच नाही. आमच्याकडे तर पाहुणे तेवढंच विचारत, "मन घट्ट केलं का?"

२० जुलै, इंदापूर
वहिनीला ते चार मुद्दे सांगितले. दारू सोडताना दादा पुण्याला मुक्तांगणमध्ये होता. अवचट पतिपत्नींनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र, ३५ दिवसांचे उपचार. वहिनी म्हणाली, "ते पस्तीस दिवस सोपे हो वन्सं, तिथं सगळा दिवस आखलेला. घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजायचे, ते अवघड." त्या सातला तिनं चहा आणि गूळ-शेंगदाणे बसवले. दादाचं वजन वाढलं, डॉक्टर कुरकुरले.

"आणि नवं नातं?"

"नात! तिनं आजोबाला झिंगलेलं बघितलेलंच नाही. तिच्यापुढे ते कोरे. माझ्यापुढे कसे होतील? माझा हिशेब मिटायचाय अजून."

हे ती भाकरी थापता थापता म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हेलंट 'नवं' नातं का म्हणतो, ते मात्र कळलं.

२४ जुलै, अमावास्या
मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग. वहिनीनं कणकेचे दिवे उकडलेत. गल्लीतला एक पोरगा नुकताच उपचार घेऊन आलाय. दादानं त्याला रात्री जेवायला बोलावलंय, बायकोसकट.

पाच वर्षं कोरडी गेली की पुन्हा घसरणारे विरळा, असं व्हेलंटला आढळलं. दादाची पाच केव्हाच झाली. तरी आज वहिनीनं त्याचं पाकीट तपासलं, माझ्यादेखत. राग येत नाही का, विचारलं.

"बघू दे की. ती बघणार म्हणून तर पावत्या जपून ठेवतो."