सामानाची यादी

परवा ऑफिसात टेस्टिंगवाल्या मुलीने मला सुनावलं, "तू सगळं तुझ्या मशीनवर चालतं म्हणून पुढे ढकलतोस." मी हसलो. तिला काय माहीत, हाच बग मी नुकताच गंगापुरात घालून आलोय!

तर झालं असं. गंगापूरला माझा एक शाळासोबती संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. आठवी ते दहावीची बावीस मुलं-मुली. त्यांना एका रात्रीसाठी म्हैसमाळला न्यायचं ठरलं. खुलताबादच्या पुढे, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच, गिरिजामातेचं देऊळ असलेलं आमच्या बाजूचं थंड हवेचं ठिकाण. परवानगी, गाडी, जेवण मित्राकडे. तयारी माझ्याकडे, कारण मी पुण्यात राहून महिन्यातून दोनदा सह्याद्रीत भटकतो, म्हणजे मी 'अनुभवी'!

मी इमाने इतबारे एक्सेल शीट केली. एकतीस वस्तू. स्लीपिंग बॅग, कॅरी मॅट, हेडटॉर्च, ट्रेकिंग शूज, विंडचीटर... आणि शेजारच्या कॉलमात लाल रंगात 'आवश्यक'. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि झोपलो.

दोन दिवसांत बावीसची पंधरा झाली. एकाला मामाच्या गावाला जायचं होतं, दोघींना कापूस वेचायला, एकाचा पाय मुरगळला होता. मी म्हटलं, चालायचंच, ड्रॉपआउट असतातच. मित्र फोनवर थोडा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "येड्या, सात पोरांचे मामे एकाच दिवशी कामून जागे झाले? तुझी यादी वाचून झाले." पुढे म्हणाला, "पोरं पैसे नाहीत असं म्हणत नसतात. मामा आहे म्हणतात."

शनिवारी सकाळची गाडी धरून गंगापूर गाठलं.

त्या पाय मुरगळलेल्या नववीतल्या पोराकडे गेलो. पोरगा दारातच सायकलवर पाय टाकत होता, मला बघून लंगडायला लागला. आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, घरी हा आणि आजी. आजीने चहा ठेवला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "तंबूत राहिलायस का कधी?"

"तंबूत नाही दादा. कोपीत. पाचवीपर्यंत दरसाल."

आणि मग तो बोलायलाच लागला. तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवायचं. चूल कोपीपासून लांब. चार पावलं उताराची जागा बघायची, पण ओघळात नाही, नाहीतर रात्री पाऊस आला की अंथरूण तरंगतं. खाली आधी उसाचं पाचट, त्यावर पोतं, मग वाकळ. "थंडी वरून नाही येत दादा, खालून येते."

मी इंजिनीअर. उष्णता वहनाने जमिनीत जाते हे मी चार मार्कांना लिहिलेलं आहे. आणि तीन हजारांची स्लीपिंग बॅग घेऊन पहिल्या ट्रेकला नुसत्या कातळावर झोपून रात्रभर कुडकुडलो होतो! ज्या पोराला मी यादीतून बाहेर काढलं, तो अर्धं बालपण कॅम्पवर होता. फक्त त्याला तो कॅम्प म्हणता येत नव्हता.

रविवारी सगळ्या बावीस जणांना बसवलं आणि यादी फाडली. वस्तूऐवजी फळ्यावर प्रश्न लिहिले. खालून थंडी येऊ नये म्हणून घरात काय आहे? पोतं, सतरंजी. वरून? वाकळ. पाणी कशात? कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या. जुलाब झाले तर? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. टॉर्च चौघांत एक पुरते, कारण रात्री एकट्याने कुठे जायचंच नाही. बूट? शाळेचे पीटीचे चालतील, मात्र सकाळी झटकून घालायचे.

सापावर तर तास गेला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं पोरांना पाठ होती, पण चावल्यावर घट्ट दोरी बांधायची हेही पाठ होतं. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय हलवायचा नाही, 108 ला फोन आणि थेट लस असलेला दवाखाना. हे मात्र लाल रंगातच लिहिलं. काही गोष्टी खरोखर 'आवश्यक' असतात.

नंतर आठवलं, बेडन-पॉवेलने 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचा पहिला प्रयोग केला, तेव्हा वीसेक मुलं मुद्दाम दोन्हीकडची घेतली होती: काही ईटन-हॅरोसारख्या शाळांतली, काही कामगार घरांतली. आणि फी वेगवेगळी! श्रीमंतांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. 'तयार राहा' म्हणण्याआधी त्याने कोण येऊ शकेल याची तयारी केली होती. मी नेमकं उलटं केलं.

आता यादी नऊ वस्तूंची आहे. सातपैकी सहा जण परत आले. कापूस वेचणारी एक मुलगी नाही आली, तिला खरंच कापूस वेचायचा होता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

येत्या शनिवारी निघतोय. तंबूची जागा निवडणं त्या कोपीवाल्याकडे दिलंय. पाय एकदम बरा आहे त्याचा! स्लीपिंग बॅग पुण्यातच ठेवणार आहे. आईला फोन करून म्हटलं, एक वाकळ काढून ठेव.

"दिवाळीत देत होते तर म्हणालास, पुण्यात कोण वापरतं," आई म्हणाली. "दोन ठेवते. एखादं पोरगं विसरून येईल."

हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं.