मथळ्यातले प्रेम

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी सत्तावीस वर्षे काढली. तेवढ्या काळात 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द किती मथळ्यांत बसवले, याची मोजदाद नाही. मुलीवर हल्ला झाला आणि हल्लेखोर तिच्या मागे लागलेला होता, एवढे कळले की हात तिकडेच वळे. त्यात मला काही चूक दिसत नसे. उलट 'एकतर्फी' म्हटले की मुलीकडे बोट दाखवायला जागा उरत नाही, असे मी नव्या उपसंपादकांना शिकवीत असे.

'बलात्कार' खोडून 'अतिप्रसंग' करणाराही मीच. सकाळी घरातली पोरेबाळे पेपर चाळतात, आणि त्या मुलीचेही झाकलेले राहावे. यात दया आहे, असे मी मनापासून मानत होतो.

मग एका दुपारी एक गृहस्थ कार्यालयात आले. त्यांच्या मुलीवर कोयत्याने वार झाले होते. ती वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यांनी खिशातून आमचे कात्रण आणि फिर्यादीची प्रत काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "साहेब, पोलिसांनी कलम 307 लावलंय. खुनाचा प्रयत्न. तुमच्या पेपरात प्रेम कुठून आलं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दवाखान्यात बघायला येणारी माणसं तिला विचारतात, कधीपासून चालू होतं?"

मी त्यांना 'एकतर्फी'चा अर्थ समजावून सांगितला. ज्याच्या मुलीची बोटे तुटली त्या बापाला मी व्याकरण सांगत बसलो, याची आजही शरम वाटते. त्यांनी ऐकून घेतले, नमस्कार केला आणि ते गेले.

माझे मत त्या दिवशी बदलले नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. 1990 साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळून मारले, त्याची चर्चा 'एकतर्फी प्रेम' याच नावाने झाली. पुढे 3 फेब्रुवारी 2020 रोजी हिंगणघाटात भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवले, ती आठवड्याभरात गेली. तीस वर्षांनीही शब्द तेच. खुनाशेजारी प्रेम हा शब्द ठेवला की वाचणाऱ्याच्या मनातले खुनाचे वजन तेवढ्यापुरते उतरते. मारणारा झपाटलेला ठरतो आणि तिने त्याला आधी काय म्हटले होते, याची चौकशी सुरू होते. ती दवाखान्यातली माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी आमचा मथळा वाचला होता.

'अतिप्रसंगा'चा हिशेब याहून कठीण निघाला. 1973 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका परिचारिकेचा कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार झाला. तिचे नाव खराब होऊ नये, या काळजीपोटी लैंगिक अत्याचाराचा आरोप पुढे आलाच नाही. खटला चालला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांचा, शिक्षा झाली सात वर्षांची. ती 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षे, त्याच रुग्णालयात पडून होती. शब्द गाळला तो तिच्या भल्यासाठी म्हणून. त्याचा फायदा कोणाला झाला, हे मला आता सांगावे लागत नाही.

'अब्रू लुटली' हेही आम्ही छापत होतो. जखम बाईच्या अंगावर, आणि नुकसान मोजायचे घराण्याच्या खात्यात! कायद्यातला 'विनयभंग' त्याच घरातला. 2013 पर्यंत त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती.

तरीही एक गाठ सुटलेली नाही. जिच्यावर हे गुदरले, तिलाच तो उघडा शब्द नको असेल तर? तिथे माझे मत चालू नये, एवढेच मी ठरवले आहे.

निवृत्तीनंतर ते कात्रण मी पुन्हा काढले. 'नकार दिल्याने तरुणीवर कोयत्याने वार' असे लिहून पाहिले. त्यातही कारण तिच्याच तोंडून निघाल्यासारखे वाटले, म्हणून खोडले. शेवटी लिहिले: 'कोयत्याने वार करून तरुणीच्या खुनाचा प्रयत्न, एकास अटक'. दोन कॉलमांत नीट बसत होता. त्या दिवशीही बसला असता.