दार-खिडक्यांची पत्रं

कॉलेज पार्कच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये शाईचं पेन चालत नाही. पेन, कोट, पर्स, पाण्याची बाटली, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. आत पेन्सिल चालते. लिहायला कागद त्यांचेच, नाहीतर आपल्या टिपणांवर आधी शिक्का मारून घ्यायचा. भाचीनं सकाळी बांधून दिलेले धपाटेही लॉकरमध्ये गेले आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या भल्यामोठ्या वाचनदालनात शिरले. तिथल्या काचेच्या भिंतीपलीकडे मेरीलँडची झाडी दिसते. ती बघायला मात्र सवड मिळत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात आपल्यापुढे रुमाल सोडला जातो. इथे करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या ढकलगाडीवरून येतात. टेबलावर एका वेळी एकच पेटी आणि पेटीतून एकच फोल्डर काढायचं, त्यातल्या कागदांचा क्रम हलवायचा नाही. पेटी मागवण्याच्या चिठ्ठीवर कोठार, रांग, कप्पा, फळी असे आकडे भरावे लागतात आणि ते शोधायला सूचींच्या बाडांशी झटापट करावी लागते. चिठ्ठ्या ठरलेल्या वेळीच आत जातात. ती वेळ हुकली की पुढच्या खेपेपर्यंत बसा.

माझं काम होतं रेकॉर्ड ग्रुप ७९ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या दप्तरात. कोयनेच्या धरणग्रस्तांचे अर्ज मी काही वर्षांपूर्वी वाचले होते. तेव्हापासून माझं मत झालंय की, सरकारी खात्याचा स्वभाव त्याच्या कायद्यात दिसत नाही, त्यानं सामान्य माणसाला धाडलेल्या उत्तरात दिसतो. जगभर ज्याचं अनुकरण झालं, त्या खात्याला हे कितपत लागू पडतं ते बघायचं होतं. भाचीचं म्हणणं वेगळं. "मावशी, तू सुट्टीवर आलीयस की ऑडिटला?"

यलोस्टोन १८७२ मध्ये जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं हे सगळे सांगतात. ते सांभाळायला खातंच नव्हतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिला अधीक्षक नॅथॅनियल लँगफर्ड बिनपगारी होता. शिकारी आणि लाकूडतोडे आवरेनात, म्हणून १८८६ मध्ये घोडदळ आलं आणि लष्करानं १९१८ पर्यंत उद्यान चालवलं. उद्यानं वाढत गेली, पण कारभार विखुरलेलाच राहिला. पार्क सर्व्हिसचा कायदा २५ ऑगस्ट १९१६ ला झाला आणि पहिला संचालक झाला स्टीफन मॅदर, टाकणखाराच्या धंद्यात लक्षाधीश झालेला गृहस्थ.

त्याची हकिगत प्रत्येक पुस्तकात असते. मॅदरनं उद्यानांची दुर्दशा पाहून इंटिरियर खात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांना तक्रारीचं पत्र लिहिलं. लेननी उलट टपाली कळवलं की, पसंत नसेल तर वॉशिंग्टनला या आणि स्वतःच चालवा. गोष्ट झकास आहे. पण माझ्यासमोरून गेलेल्या पेट्यांत ना ते पत्र होतं, ना ते उत्तर. ज्याचे ढीगभर कागद आहेत, त्याची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: उत्साहानं सळसळणारा मॅदर जानेवारी १९१७ मध्ये मानसिक आजारानं पुरता कोलमडला. ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. नव्या खात्याचा गाडा हॉरेस अलब्राइट नावाच्या २७ वर्षांच्या वकिलानं ओढला. १३ मे १९१८ चं 'लेनचं पत्र' पार्क सर्व्हिसचा पहिला धोरणग्रंथ मानतात. त्यावर सही लेनची आहे, मसुदा अलब्राइटचा.

संध्याकाळी बाहेर पडताना टिपणं तपासून कुलूपबंद पिशवीत घालतात आणि ती पिशवी दारावरचा पहारेकरी उघडतो. माझ्या पिशवीत थोर माणसांची टिपणं बक्कळ झाली होती. मला हवी ती मंडळी अजून भेटली नव्हती.

हार्पर्स फेरीला जायला वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून मार्क सेवेची लोकल मिळते. दुपारनंतर सुटते, कचेऱ्यांतून घरी निघालेली माणसं बसलेली असतात आणि रॉकव्हिल, जर्मनटाउन असं करत ती रिकामी होत जाते. शेवटी गाडी डोंगराखालच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट पोटोमॅकवरच्या पुलावर. डावीकडे शेनान्डोआ नदी येऊन मिळते. समोर चढावर रचलेलं दगडी गाव. गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या जॉन ब्राउननं १८५९ मध्ये इथल्याच शस्त्रागारावर छापा घातला होता. गाव पाहण्यासारखं आहे, पण मी टेकडीवरच्या इमारतींसाठी आले होते.

गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६७ मध्ये इथे स्टोरर कॉलेज निघालं. फ्रेडरिक डग्लस त्याचे विश्वस्त होते. काळ्यांच्या समान हक्कांसाठीच्या, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या नायगारा चळवळीचं अधिवेशन १९०६ मध्ये याच आवारात भरलं. कॉलेज १९५५ मध्ये बंद पडलं, आवार पार्क सर्व्हिसकडे आलं आणि मुख्य इमारतीत मॅदरच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र झालं. फलक सगळा इतिहास नीट सांगतो, लपवाछपवी काही नाही. तरी दारावर नाव मॅदरचं.

याच गावाशी पार्क सर्व्हिसच्या स्वतःच्या इतिहाससंग्रहाचं नाव जोडलेलं आहे: जुने गणवेश, बिल्ले, निवृत्तांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती. मला त्यातली बायकांच्या गणवेशाची कहाणी महत्त्वाची वाटते. योसेमिटीत १९१८ मध्ये क्लेअर मरी हॉजेस रेंजर म्हणून काम करत होती. तरी पुढे कित्येक वर्षं बायकांना हवाईसुंदरीसारखा पोशाख आणि छोटा बिल्ला दिला जाई. पुरुषांसारखा गणवेश मिळायला १९७८ उजाडलं.

शनिवारी भाची आणि जावई गाडी घेऊन आले आणि आम्ही दक्षिणेला फ्रंट रॉयलला गेलो. तिथून स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. ब्लू रिज डोंगराच्या माथ्यावरून १०५ मैल जाणारा हा रस्ता म्हणजेच शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचा कणा. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. जावयांना ती सोसवत नव्हती, मला फार आवडली. दर मैलाला सिमेंटचा खांब, दर वळणाला थांबायची जागा, खाली धुकट निळ्या डोंगरांच्या रांगा.

अलब्राइटनं आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मागणी याच बाजूला केली. एप्रिल १९३३ मधला रविवार होता. माजी अध्यक्ष हूवर यांच्या रॅपिडान तळावरून नवे अध्यक्ष रुझवेल्ट मोटारीनं परत निघाले आणि अलब्राइट त्यांच्या गाडीत होता. वाटेत त्यानं गोष्ट काढली की लष्कराकडची ऐतिहासिक रणभूमी पार्क सर्व्हिसला द्या. रुझवेल्ट म्हणाले, ठीक. त्या उन्हाळ्यात हुकूम निघाला आणि जंगलं सांभाळणारं खातं स्मारकांचं आणि राजधानीतल्या बागांचंही झालं. काही महिने त्याचं नावसुद्धा बदलून राष्ट्रीय उद्यानं, इमारती आणि राखीव जागांचं कार्यालय असं केलं होतं.

तेव्हा या डोंगरात माणसं राहत होती. यलोस्टोनची बरीचशी जमीन आधीच संघराज्याच्या ताब्यात होती. इथली हजारो लहान तुकड्यांत खाजगी मालकीची. व्हर्जिनिया राज्यानं १९२८ मध्ये खास कायदा करून ती सरसकट सक्तीनं संपादित केली आणि केंद्राला भेट दिली. काहींना वाटलं की राहू देतील. १९३४ मध्ये संचालक आर्नो कॅमरर यांनी सांगितलं की, उद्यानात कुणीही राहणार नाही. जवळपास ५०० कुटुंबं निघाली. उद्यान २६ डिसेंबर १९३५ ला अस्तित्वात आलं.

थॉर्नटन गॅपला रस्ता सोडून खाली लुरेच्या दिशेला उतरलं की उद्यानाचं मुख्यालय येतं. तिथल्या अभिलेखागारासाठी आधी वेळ ठरवावी लागते. खोली लहान, टेबल एक, पण ज्यासाठी आले ते तिथे होतं: १९३४ ते ३८ या काळात डोंगरातल्या लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली सुमारे ३०० पत्रं. वहीच्या फाडलेल्या कागदांवर पेन्सिलीनं लिहिलेली, काही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. शुद्धलेखन कानानं केलेलं. प्रत्येक पत्रामागे टाइप केलेलं उत्तर, पातळ कागदावरची कार्बन प्रत.

काय लिहितात? शेजारी गेला, त्याच्या घराच्या खिडक्या आणि दार मला नव्या घरासाठी नेऊ द्या. पडलेल्या चेस्टनटचं लाकूड सरपणाला तोडू का? सफरचंदं पिकलीत, ती कुणी उतरवायची? अमक्यानं माझ्या वाट्याचा मका नेला, साहेबांनी त्याला समज द्यावी. गाय कुठे चारू? आणि वारंवार, नवं घर अजून तयार नाही, पेरणीपुरतं तरी राहू द्या. अधीक्षक लॅसिटर उत्तर देतात. नम्र, नेमकं, बहुतेक वेळा नकारार्थी. आज ज्या झाडाचं फळ खाल्लं ते उद्या सरकारी, हे समजावायला त्यांच्याकडे नियमाखेरीज काही नव्हतं. कधी होकारही आहेत. एका दारासाठी झालेला पत्रव्यवहार मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन्ही बाजूंचा संयम हळूहळू संपताना दिसतो.

एक गोष्ट मला तिथेच उमगली. जमिनीचा मालक असेल त्याची मोजणी झाली, नकाशा निघाला, भरपाई ठरली, त्याची कागदोपत्री नोंद आहे. पण कित्येक कुटुंबं कुळं होती, किंवा ज्याच्या जमिनीवर राहत त्याला भाडंही देत नसत. त्यांना भरपाई नाही. आपण इथे राहत होतो याचा त्यांचा पुरावा बरेचदा खिडक्या मागणारा तो अर्जच. माझ्या मते हा पार्क सर्व्हिसच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. मॅदरच्या न सापडलेल्या पत्रापेक्षा नक्कीच.

या लोकांविषयी त्या काळात काय छापलं गेलं तेही पाहायला हवं. १९३३ मधल्या 'हॉलो फोक' पुस्तकानं त्यांना जगापासून तुटलेले, मागासलेले ठरवलं आणि तेच त्यांना हलवण्याचं समर्थन झालं. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ऑड्री हॉर्निंग यांनी त्याच घरांचे पाये उकरले. तिथे इतर अमेरिकन घरांत सापडाव्यात तशाच बाजारातल्या वस्तू निघाल्या. चेस्टनटची झाडं रोगानं मेल्यामुळे त्यांचा जोडधंदा गेला होता, एवढंच. गरिबीला रानटीपणा म्हणायची खोड कुठल्याच देशाला सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी ५७ व्या मैलापुढच्या लुइस माउंटनला थांबलो. छान सावलीचं शिबिरस्थळ, लाकडी खोल्या. १९३९ मध्ये उघडलं तेव्हा पाटीवर ते निग्रोंसाठी असल्याचं लिहिलं होतं. व्हर्जिनियाच्या रिवाजाला मान देऊन पार्क सर्व्हिसनं काळ्यांसाठी वेगळी जागा केली. इंटिरियर मंत्री हॅरल्ड इक्स यांना हे पटत नव्हतं आणि त्यांचे सल्लागार विल्यम ट्रेंट ज्युनियर यांनी धोरण बदलायचा पाठपुरावा केला. वेगळेपणा पुरता संपायला १९५० आलं.

जरा मागे बिग मेडोजला अभ्यागत केंद्र आहे, त्याला हॅरी बर्ड यांचं नाव. उद्यानाचे मोठे पाठीराखे, आणि पुढे शाळांतली वंशविभागणी टिकवण्यासाठी लढणारे सिनेटर. आतलं प्रदर्शन मात्र या सगळ्यांची बाजू मांडतं: विस्थापितांची, लुइस माउंटनची, रस्ता बांधणाऱ्या कामकरी तरुणांचीही. भाची तिथे तासभर रमली. "हे तर त्यांनी स्वतःच लावलंय," ती म्हणाली. तसं नाही. विस्थापितांच्या वारसांनी १९९४ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ शेनान्डोआ' ही संघटना काढली. उद्यानाच्या चित्रपटातलं आणि फलकांवरचं त्यांच्या आजी-आजोबांचं वर्णन बदला आणि बंद असलेले कागद खुले करा, अशी त्यांची मागणी होती. लुरेच्या त्या खोलीत मला पत्रं मिळाली ती त्यांच्यामुळे. संस्थेला आपलं दप्तर उघडायची आपसूक इच्छा होत नाही, कुणीतरी दारावर थाप मारावी लागते.