नव्या यंत्राची पूर्वतयारी

नवे घर बांधून झाले म्हणजे त्यात राहावयास जाण्यापूर्वी गृहस्थ काय काय करतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. वास्तुशांत यथाविधि होतेच. परंतु तिच्याही आधी जुन्या घरातील माळे उतरविले जातात, भांडीकुंडी मोजली जातात, आणि न्यावयाचे काय, द्यावयाचे काय व मोडीत घालावयाचे काय, याचा निर्णय होतो. संगणकासारख्या अगदी अलीकडच्या यंत्रासही हीच गोष्ट लागू पडते, हे ज्ञान आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी झाले. ते थोडे महागात पडून झाले, म्हणूनच येथे सांगावयाचे योजिले आहे.

आमचे घर तळेगाव ढमढेरे येथे, वेळ नदीच्या काठी. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत यावे व तेथून आत वळावे, की गाव लागते. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि वडिलांच्या हाताखाली घोकलेले संस्कृत एवढ्या भांडवलावर आम्ही जन्मभर मास्तरकी केली. घर एकत्र. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, ते २०२१ साली निवर्तले. त्यांच्या माघारी वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि त्यांचा मुलगा असे सर्व एकाच चुलीवर आहोत. हा मुलगा, म्हणजे दादांचा नातू, पुण्यास अभियांत्रिकी शिकतो आणि आम्हांस आबा म्हणतो.

घरातील जुना संगणक दादांच्या हातचा. त्यावर विंडोज १० ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि तिच्या सुरक्षेची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबावयाची होती. पुढची विंडोज ११ बसविण्यास टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. ती आमच्या जुन्या यंत्रात नव्हती. तेव्हा नातवाने पुण्याहून सुटे भाग आणिले आणि २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, माजघरात सतरंजीवर यंत्र जुळवावयास प्रारंभ केला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क, वीज पुरविणारा डबा, सर्व ज्याच्या त्याच्या जागी बसले. अंगातील स्थिर वीज नाजूक भागांस बाधू नये म्हणून तो प्रत्येक वेळी आधी धातूच्या पेटीस हात लावी. वहिनींस ते सोवळ्यासारखे वाटून त्यांनी त्याचे कौतुक केले.

संध्याकाळी यंत्र सुरू झाले. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडद्यावर एवढेच उमटले की, सुरू करण्याजोगे काही सापडत नाही. सर्व अवयव धडधाकट, परंतु आत कोणी नाही! पुष्कळ लोक ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्राचा प्राण म्हणतात. आम्हांस ती घरच्या कर्त्या बाईसारखी वाटते. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कोणास किती जागा, कोणाचे काम आधी, कोणती वस्तू कोणत्या फडताळात, हे सर्व ती पाहते. ती नसेल तर भरलेली कोठीही व्यर्थ.

नातवाने उबुंटू नावाची लिनक्स पद्धतीची सिस्टिम निवडली होती. लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. पुढे जगभरच्या लोकांनी तीत भर घातली, आणि ती विनामूल्य मिळते. निवडलेल्या आवृत्तीचा अंक २४.०४, म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. अशा आवृत्तीची डागडुजी पाच वर्षे चालते. हे ऐकून आमचा आक्षेप मावळला. मग तो म्हणाला,

“आबा, जुन्या डिस्कमधलं काय हवंय ते आजच सांगा. ती पुसून नव्या यंत्रात लावतो.”

“सगळंच हवंय,” आम्ही म्हणालो.

“सगळं म्हणजे काय काय?”

या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. इतकी वर्षे मुलांकडून उजळणी करून घेणाऱ्या मास्तरास आपल्याच घरातील ठेव्याची मोजदाद ठाऊक नव्हती. दारातून वहिनी म्हणाल्या, “भावोजी, सासूबाईंच्या ओव्या त्यातच आहेत ना? ह्यांनी लिहिलेल्या?”

आमच्या मातोश्रींच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या असत. २००३ पासून पुढे चार-पाच वर्षे दादा त्यांच्यापाशी बसून त्या उतरवून घेत आणि रात्री संगणकावर टंकित करीत. आम्ही तेव्हा त्यांस म्हटले होते, “कशाला बोटे झिजवता? अशा ओव्या घरोघरी आहेत.” आज घरोघरी जातीच नाहीत.

त्या धारिका आम्ही उघडल्या तो काय, एकही अक्षर मराठी नाही! रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची नुसती खिचडी. वहिनींचा चेहरा उतरला. नातवाने समजाविले की, यात बिघाड काही नाही. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉण्टांत देवनागरीची केवळ आकृती रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असे. तो फॉण्ट असेतोवर मराठी दिसावयाचे. तो नाहीसा झाला की खालचे रोमन उघडे पडावयाचे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे सरकारी मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यांत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. परंतु ती रीत घरोघरी पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागली, आणि दादांचे लेखन मधल्या काळातले.

रूपांतराच्या कामी मात्र आमचे व्याकरण उपयोगी पडले. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवीत. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफार डोळ्यांस नंतर दिसतो, पण उच्चारात आधी येतो, म्हणून तोही मागून पुढे न्यावा लागतो. कान हा डोळ्यापेक्षा खरा, हे आपल्या प्राचीन वैयाकरणांचे धोरण यंत्रकारांनीही शेवटी पत्करिले, याचे आम्हांस समाधान वाटले. जुना फॉण्ट दादांच्या कपाटातील एका सीडीत मिळाला, नातवाने रूपांतराचा प्रोग्रॅम जुळविला, आणि आम्ही चष्मा लावून ओळन् ओळ ताडून पाहिली. यात आठवडा गेला.

मध्यंतरी दुसरी तयारी चालली होती. सिस्टिमची प्रत इंटरनेटवरून उतरवून घेतल्यावर नातू तिची एक चौसष्ट अंकाक्षरी संख्या मूळ ठिकाणी दिलेल्या संख्येशी ताडू लागला. उतरविलेल्या प्रतीत एक बिंदू जरी बदलला तरी ही संख्या पार निराळी येते, म्हणून प्रत शुद्ध की अशुद्ध हे तत्काळ कळते. आम्ही म्हणालो, “अरे, ही तर ग्रंथसंख्या!” पोथ्या उतरविणारे लेखक बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून शेवटी एकूण संख्या नोंदवीत, मजुरीचा हिशेब तीवर होई, आणि काही गळले असल्यास तेही मोजणाऱ्याच्या ध्यानी येई. नातवास हे नवीन होते, आणि आम्हांस त्याचे.

या बोलण्यावरून आम्हांस आठवले की, दादांनीही पहिल्या पानावर काही आकडा घातला आहे. पाहिले तो लिहिले होते: एकूण ओव्या ३१२. आम्ही मोजल्या, भरल्या ३०१. पुन्हा मोजल्या, सूनबाईंनी मोजल्या, तेवढ्याच.

अकरा ओव्या गेल्या कोठे? शोध घेता उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी यंत्र बिघडले असता आम्ही ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिले होते. त्याने सिस्टिम नव्याने घातली, तेव्हा पडद्यावर दर्शनी ठेविलेले सर्व पुसले गेले. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. आमची सुभाषितांची टिपणे त्यात गेली, याचे दुःख आम्ही तेव्हा चारचौघांत पुष्कळ केले. दादांचे लेखन डिस्कच्या दुसऱ्या भागात असल्याने वाचले, असे आम्ही समजत होतो. परंतु शेवटच्या अकरा ओव्यांची धारिका दादांनी काम चालू म्हणून दर्शनी भागीच ठेविली असावी. तीही त्याच दिवशी गेली. दादा पुढे हयात होते. त्यांस हे कळले होते की नाही, आणि कळले असल्यास आमची टिपणांबद्दलची हळहळ ऐकून ते गप्प राहिले की काय, हे आता कोणास विचारावे?

वहिनींस विचारले. त्या आमच्या मातोश्रींसमवेत पुष्कळ वर्षे दळीत असत. “शेवटच्या माहेरच्या होत्या,” एवढे त्या म्हणाल्या. पुढे शब्द येईना. मग त्या उठल्या, परसात तुळशीपाशी पडलेल्या जात्याजवळ जाऊन बसल्या, आणि खुंटा नसलेल्या त्या तळीवर नुसता हात फिरवू लागल्या. थोड्या वेळाने ओठ हलू लागले. सूनबाई लिहीत गेल्या. दोन दिवसांत सात ओव्या आल्या. चार आल्या नाहीत.

उरलेली तयारी थोडक्यात सांगतो, कारण ती कोणाही वाचकास उपयोगी पडेल. जुन्या डिस्कमधील सर्वस्वाच्या दोन प्रती निरनिराळ्या डिस्कवर केल्या; एक घरी ठेविली, एक पुण्यास मुलीकडे पाठविली, आणि दोन्ही उघडून पाहिल्या. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. पेनड्राइव्हवर सिस्टिम चढवून, डिस्कला हात न लावता ती आधी नुसती चालवून पाहिली. प्रिंटर, आवाज आणि मराठी कळफलक ठीक चालतात याची खात्री केली. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला आपला मराठी ऱ उमटतो की नाही, हे आम्ही मुद्दाम पाहिले. वीज मध्येच जाईल म्हणून यूपीएस जोडिला. शेवटी सिस्टिम बसवितेवेळी जुनी डिस्क यंत्रास जोडावयाचीच नाही, असे ठरविले. तिची वायरच काढलेली असली म्हणजे चुकीच्या डिस्कवर बोट पडण्याचे भय राहत नाही. ती पुसण्याचा बेतही रद्द झाला. दादांची डिस्क दादांच्या कपाटात राहिली.

१४ ऑक्टोबरला सिस्टिम बसली. तीस अर्धा तास लागला. तयारीस बारा दिवस. त्या रात्री पहिले काम म्हणून ओव्या छापल्या. क्रमांक मात्र ३१२ पर्यंतच घातले, आणि न आठवलेल्या चार क्रमांकांपुढे कोऱ्या ओळी ठेविल्या. छापलेला गठ्ठा वहिनींच्या उशाशी असतो. मधूनच त्या हाक मारितात, “भावोजी, जरा लिहून घ्या.” बहुधा ती आधी लिहिलेलीच ओवी निघते. तरी आम्ही लेखणी घेऊन जातो.

आमच्या वाचकांच्या घरीही अशी जुनी यंत्रे असतील. नवे आणण्यापूर्वी जुन्यात काय आहे ते एकदा मोजा, आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. दादांनी आकडा लिहिला नसता, तर आपले काही हरवले आहे, हेदेखील आम्हांस कळले नसते.