तारलीचा आधीचा भाव

14 जानेवारी 1997 च्या सकाळी उत्तर केरळातल्या वडकऱ्याच्या किनाऱ्यावर 11 मच्छीमारांनी ताजी तारली टाकून दिली. घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आत 27 खरेदीदार मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हातांनी परतायच्या बेतात होते. मधे होता तो फक्त न कळण्याचा अडसर.

हे आज सांगता येतं, कारण रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासात 15 किनाऱ्यांवरचे भाव आठवड्याच्या आठवड्याला टिपले जात होते. पुढे मोबाइलचे टॉवर आले, तेही टप्प्याटप्प्याने: कोझिकोड, मग कण्णूर, मग कासरगोड. होडीतूनच भाव विचारून कुठे लागायचं ते ठरू लागलं. मासळी टाकून देणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, आणि खाणाऱ्यालाही ती 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. 2007 मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा मोबाइलचं केवढं कौतुक झालं! मला मात्र मोल वाटतं ते फोन यायच्या आधीपासून वही घेऊन किनाऱ्यावर उभं राहणाऱ्यांचं. ती वही नसती, तर त्या सकाळच्या तारलीचा आज कुठे मागमूसही नसता.

आपल्या वारणेच्या खोऱ्यात 1998 मध्ये गावोगाव संगणक बसले. गावाला जगाची खिडकी उघडेल, अशी केवढी आशा होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहिलं, तर शेतकरी मुख्यतः उसाचं वजन, खत, तोडणी एवढंच विचारत होते. तेवढं तर साध्या एसएमएसवरही भागत होतं. सात गावांत तसं करूनही पाहिलं गेलं. गावाला काय हवं, हे गावात बसल्याशिवाय कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी वेळ द्यायला फार थोडे तयार असतात.

2021 पासून महाराष्ट्रात शेतकरी ई-पीक पाहणीच्या मोबाइल ॲपवर आपलं पीक स्वतः नोंदवतो. पूर्वी ते तलाठी लिहायचा. सातबाऱ्यावरचं पीक आता शिवारातल्या पिकाशी अधिक जुळतं का? जिच्या नावावर जमीन आहे, तिच्या हातात फोन आहे का? उत्तरं शोधायची, तर आधी काय होतं याची खरी नोंद हवी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, पुढचं ॲप गावात पोहोचण्याआधी एक तालुका निवडा आणि आजच लिहायला लागा.