रिकाम्या पुंगळ्या आणि संपलेले सेल

माझे मामा सांगली जिल्ह्यात भंगाराचा धंदा करतात. धातूंची पहिली ओळख मला पुस्तकात नाही, त्यांच्या गोदामात झाली. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम, बीड, पत्रा. प्रत्येकाचा ढीग वेगळा आणि भावही वेगळा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी तर कोणी फेकतच नाही. तिच्यातल्या शिशाला किंमत आहे, म्हणून ती दिली की नवी घेताना सूट मिळते.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मात्र गोदामाच्या एका कोपऱ्यात मला वाळूने भरलेला पत्र्याचा डबा दिसला. त्यात मोबाइलचे आणि पॉवर बँकचे जुने सेल पुरून ठेवले होते. मामा म्हणाले, “त्याला हात लावू नको. मागं लोखंडाच्या तुकड्यांबरोबर असलेच सेल पोत्यात आले होते, रात्री पोतं पेटलं. घेणारं कुणी नाही आणि फेकायची भीती वाटते.”

शाळेत परतल्यावर मी केमिस्ट्रीच्या सरांना याबद्दल विचारले आणि लायब्ररीत वाचायला लागलो.

लिथियम-आयन सेलमध्ये अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर धन बाजूचे आणि तांब्याच्या पत्र्यावर ऋण बाजूचे द्रव्य लावलेले असते. मधला द्रव ज्वालाग्राही असतो. सेल चेपला किंवा त्याची दोन टोके लोखंडाने जोडली गेली, की तो तापून पेटू शकतो. मामांचे पोते त्यामुळेच पेटले असणार.

धन बाजूचे प्रसिद्ध द्रव्य म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. त्याचा उपयोग १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात हवामानतज्ज्ञ होते, हे वाचून मला विशेष आनंद झाला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने हे सेल बाजारात आणले आणि २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, गुडइनफ यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पण कोबाल्ट महाग आहे आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येते. गुडइनफ यांच्याच गटाने १९९७ मध्ये दुसरा मार्ग दाखवला, तो म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. हे सेल स्वस्त, टिकाऊ आणि तुलनेने सुरक्षित असतात. आज अनेक विद्युत वाहनांत हेच बसवतात.

संपलेल्या सेलमधून धातू परत मिळवता येतात. आधी उरलेला विद्युतभार काढून टाकतात, मग सुरक्षित वातावरणात सेलचा चुरा करतात. तांबे, अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वेगळे झाले की काळी भुकटी उरते, तिला ब्लॅक मास म्हणतात. ती भट्टीत वितळवली तर कोबाल्ट, निकेल मिळते, पण लिथियम धातुमळीत जाते. आम्लात विरघळवली तर लिथियमसुद्धा वेगळे काढता येते. युरोपीय संघाने तर २०३१ अखेरपर्यंत ८० टक्के लिथियम परत मिळवण्याचे बंधन घातले आहे.

इथे एक अडचण आहे. कोबाल्ट आणि निकेल विकून पुनर्वापर करणाऱ्याचा खर्च निघतो. नव्या स्वस्त सेलमध्ये ते दोन्ही नाहीत. म्हणजे बनवताना जो फायदा झाला, तोच मोडताना तोटा ठरतो. शिशाच्या बॅटरीला घेणारा आहे, याला नाही. मामांच्या डब्याचे कोडे मला इथे उलगडले.

फायरिंग रेंजवर आपण काय करतो ते आठवा. शेवटची फैर झाडून झाली तरी कोणी निघत नाही. रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या, दिलेल्या राउंडशी हिशेब जुळवायचा आणि मगच परतायचे. एक पुंगळी कमी पडली तर सगळे गवतात शोधत बसतात. ते काही पितळेच्या भावासाठी नसते. जे आपल्या हाती दिले, त्याचा हिशेब आपण द्यायचा असतो. ज्याला भाव आहे ते बाजार परत आणतो. ज्याला भाव नाही ते शिस्तीने आणावे लागते.

ही शिस्त आपल्या देशाला हवी आहे. लिथियमसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी येथे साठा असल्याचे जाहीर झाले, पण साठा सापडणे आणि खाण सुरू होणे यांत बराच काळ जातो. इकडे सैनिकाचा रेडिओ आणि ड्रोन याच सेलवर चालतात. जपानच्या ‘ओर्यू’ पाणबुडीतही लिथियम-आयन बॅटऱ्याच आहेत. ज्या वस्तूवर संरक्षण अवलंबून आहे, तिचा कच्चा माल कचऱ्यात टाकणे आपल्याला परवडणारे नाही. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले चिन्ह दिसते, त्याचा अर्थ ‘ही कचऱ्यात टाकू नका’ असा आहे. पण आपण दिलीच नाही, तर उत्पादक तरी काय गोळा करणार?

हाउसमास्टर सरांच्या परवानगीने आम्ही या सत्रात कोरड्या वाळूचा एक झाकणाचा डबा ठेवला आहे. टॉर्चचे, घड्याळाचे, कॅल्क्युलेटरचे सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यात ठेवायचे आणि वहीत नोंद करायची. फुगलेला सेल कोणीही उचलायचा नाही, लगेच सरांना सांगायचे. पहिल्या महिन्यात १७ सेल जमले. सत्र संपताना ते क्वार्टरमास्टर स्टोअरमार्फत नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जातील.

पालकांनाही एक विनंती आहे. घरच्या कपाटात एखादा जुना मोबाइल किंवा बिघडलेली पॉवर बँक नक्की पडून असेल. ती उघडू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. जवळचे ई-कचरा संकलन केंद्र शोधून तिथे द्या आणि जाताना मुलांनाही बरोबर न्या.