एका ठोक्याचे वाटेकरी

छंद लहान असला, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न लहान असतोच असे नाही. राखोलीच्या आमच्या घरी माडीवर इलेक्ट्रॉनिक्सची छोटीशी प्रयोगशाळा आहे. वापीहून गाडी पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जावे, जुनी उपकरणे पारखून आणावीत आणि रात्री ती उघडून बसावे, हा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. या प्रत्येक उपकरणात स्वतःचा क्वार्ट्झ स्फटिक असतो आणि प्रत्येक स्फटिकाचे म्हणणे वेगळे असते. सिग्नल जनरेटरने दिलेले 10 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी काउंटरने मोजले, की शेवटचे आकडे जुळत नाहीत. दहा लाखांत एक भाग एवढा फरक धरला, तर तो येथे 10 हर्ट्झ भरतो; घड्याळाच्या हिशेबात वर्षाला सुमारे 32 सेकंद. दोघांपैकी कोण चुकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. सरकणाऱ्याला आपले सरकणे जाणवत नसते.

यावर उपाय एकच: सर्वांनी एकाच ठोक्यावर चालावे. असा ठोका आज घरबसल्या मिळतो. जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. साधा रिसीव्हर त्यांच्या आधारे दर सेकंदाला एक ठोका देतो. मात्र वातावरणातून येता येता त्यास क्षणोक्षणी थोडा कंप सुटतो. उलट, ऊबदार पेटीत एकाच तापमानावर राखलेला स्फटिक क्षणापुरता अत्यंत निश्चल असतो, पण महिनोन्‌महिने हळूहळू ढळतो. म्हणून दोघांची सांगड घालतात. क्षणाचा भरवसा स्फटिकावर आणि दिवसांचा उपग्रहांवर. वीज गेली की पेटी निवते आणि पुन्हा स्थिरावण्यास बराच अवधी घेते. यासाठी आम्ही तिला बॅटरीचा आधार दिला आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्यातलाच हा प्रकार.

खरी परीक्षा पुढे आहे. ठोका मिळवणे सोपे, वाटणे अवघड. एकाच केबलला टी-जोड लावीत चार उपकरणे जोडली, तर सिग्नल क्षीण होतो. केबलच्या टोकाशी 50 ओहमचा रोध योग्य रीतीने बसवला नाही, तर लहर मागे फिरून येणाऱ्या लहरीत मिसळते. शिवाय एका उपकरणाचा गोंगाट त्याच वाटेने दुसऱ्यापर्यंत पोचतो. म्हणून मध्ये वितरणाचा ॲम्प्लिफायर लागतो. त्यात एक वाट आत येते आणि प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र बफर असलेली वाट बाहेर पडते. एखादी केबल शॉर्ट झाली, तरी शेजाऱ्यास तिची झळ लागू नये, ही त्याची कसोटी. वाटेवाटेवर लहानसा ट्रान्सफॉर्मर ठेवला, की अर्थिंगच्या फेऱ्यातून शिरणारी 50 हर्ट्झची घरघरही अडते.

इतके करूनही ठोका सर्वांना एकाच क्षणी पोचत नाही. साध्या कोॲक्स केबलमध्ये तो मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद घेतो. 10 मेगाहर्ट्झची एक लहर 100 नॅनोसेकंदांची. म्हणजे 20 मीटर केबलमागे एक पूर्ण लहर मागे पडते. तरी त्याची गती बदलत नाही. दूरचे उपकरणही तितकेच ठोके मोजते, फक्त थोडे उशिरा.

हीच गोष्ट भव्य प्रमाणात पाहावयाची, तर नारायणगावाजवळ खोडदला जावे. गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या पुढाकाराने तेथे उभारलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. चौदा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, बाकीच्या सोळा तीन बाजूंना पसरलेल्या. परस्परांतले सर्वाधिक अंतर सुमारे 25 किलोमीटर. मध्यवर्ती केंद्रातून संदर्भ सिग्नल काचेच्या तंतूंतून प्रत्येक अँटेनाकडे जातो. तंतूत प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. हा विलंब कोणी पुसून टाकीत नाही. परिचित रेडिओस्रोतांकडे रोख धरून तो मोजतात आणि हिशेबात घेतात. दूरच्या अँटेना वगळल्या, तर दुर्बिणीची सूक्ष्म दृष्टीच जाईल. ती त्या अंतरातूनच येते.

हे सारे येथे लिहिण्यास कारण आहे. दमणगंगेकाठच्या आम्हां जुन्या मराठी घरांतील मुले पुण्याला शिकावयास जातात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातले गुजराती वळण कोणी तरी हसून दाखवून देते. मुले खजील होतात आणि मग बोलणेच टाळतात. आम्हांस भय वाटते ते या गप्प बसण्याचे. त्यांच्या मराठीला वाटेतला विलंब लागला आहे. काही शब्द मागे राहिले, काही शेजाऱ्यांकडून आले. त्याची नोंद ठेवावी आणि हिशेबात घ्यावा. मात्र मूळ ठोक्याशी असलेली केबल तुटू देऊ नये. घरी एखादे मासिक यावे, आजीने पत्र मराठीत लिहावे, मुलाने उत्तर मराठीत द्यावे, एवढी ऊब पेटीस पुरते. ती एकदा निवली, की स्थिरावण्यास किती काळ लागेल, याचे गणित आमच्या माडीवर नाही.